डाव्या बाजूच्या पाच कमानी

आमच्या ह्यांना सगळं गाव फूटपट्टी म्हणतं. तोंडावर साहेब, आणि पाठ वळली की फूटपट्टी. मला त्याचा कधी राग आला नाही, कारण नाव ठेवणाऱ्याला हे पुरते कळलेलेच नव्हते. घरात राहिल्याशिवाय ते कळत नाहीत. नातवंडांना कलिंगड द्यायचं तर हे आधी त्याचा घेर मोजतात, मग खडूने खुणा करतात, आणि पहिली फोड पडेपर्यंत मुलं खेळायला निघून गेलेली असतात. पलंग आणि भिंत यांच्यात किती जागा हवी, यावरून लग्नाच्या पहिल्याच महिन्यात आमच्यात चार दिवस अबोला झाला. शेवटी पलंग ह्यांच्या मापाने लागला. तेव्हापासून रोज सकाळी उठताना माझा अंगठा त्याच्या पायावर आपटतो.

अशा माणसाने आयुष्यात एकच मोठं काम केलं, आणि ते म्हणजे आमच्या जुन्या मशिदीचा नकाशा. त्रेचाळीस वर्षांपूर्वी सरकारी खात्यात नक्शानवीस असताना त्यांनी तो काढला. हाताने, शाईने, एकाही ठिकाणी खाडाखोड नाही. त्यानंतर मशिदीबद्दल जे काही छापलं गेलं त्यात तोच नकाशा. शाळेच्या पुस्तकात तो, बाहेर मिळणाऱ्या पोस्टकार्डांवर तो, न्हाव्याच्या दुकानातल्या कॅलेंडरवरसुद्धा तो. मशीद दाखवणारे गाईड पाहुण्यांना घुमटाखाली उभं करून सांगायचे, की उजवीकडे पाहा, आता डावीकडे पाहा, एका केसाचा फरक नाही. कोणी विचारलं कशावरून, तर खिशातून पोस्टकार्ड काढायचे.

मशीद आहेच तशी. मधे एक मोठी कमान, तिच्यामागे घुमट, घुमटाखाली समोरच्या भिंतीत मेहराब, म्हणजे नमाजाची दिशा दाखवणारा कोनाडा. मोठ्या कमानीच्या उजवीकडे पाच लहान कमानी आणि डावीकडे पाच. दोन्ही टोकांना एकेक मिनार. आत खांबांच्या तीन ओळी, दगडी, अष्टकोनी, कमरेशी जरा बारीक. घुमट खांबांवर बसलेला नाही, तर चार कोपऱ्यांत एकावर एक पुढे आलेल्या लहान लहान कोनाड्यांवर बसलाय. चौकोनाचा गोल कधी झाला ते मान दुखेपर्यंत पाहिलं तरी कळत नाही. हे सगळं मला ह्यांनी सांगितलं. कधी सांगितलं ते पुढे येईलच.

तर यंदा दोन गोष्टी एकाच वेळी ठरल्या. मशिदीचा कारभार पाहणारे मुतवल्लीसाहेब उत्साही माणूस आहेत. त्यांनी ठरवलं, की ह्यांचा नकाशा पितळेच्या मोठ्या पत्र्यावर कोरून दाराशी लावायचा, खाली ह्यांचं नाव घालायचं, आणि ठरवलेल्या शुक्रवारी चार लोकांसमोर त्यावरचा कपडा बाजूला करायचा. आणि त्याच दिवशी दालनात नवा गालिचा अंथरलेला असला पाहिजे. आजवर तिथे सुट्या चटया असायच्या. खादिम, म्हणजे झाडलोट करणारे चाचा, त्या रोज सरळ करायचे आणि डावीकडच्या चटया भिंतीशी थोड्या दुमडायचे. का दुमडता असं विचारलं तर म्हणायचे, या बाजूला ओल आहे, चटया फुगतात.

गालिचा विणायला दिला तो गावातल्याच गालिचेवालीकडे. पन्नाशीची बाई, स्वतःचे सहा माग, बोलणं कमी आणि काम चोख. तिने मुतवल्लींना म्हटलं होतं, की मी येऊन एकदा माप घेते. त्यावर मुतवल्ली हसले आणि म्हणाले, फूटपट्टी साहेबांचा नकाशा हाताशी असताना तू माप घेणार? तिने नकाशा नेला. तीन तुकडे विणले: घुमटाखालचा एक, उजवीचा एक, डावीचा एक. खांबांसाठी भोकं सोडली, त्यांना काठ घातला. पाच महिने लागले.

शनिवारी गालिचा आला. मधला तुकडा बसला. उजवीचा असा बसला, की खांब गालिच्यातून उगवलेत असं वाटावं. हे तिथेच होते, हात मागे बांधून, जणू स्वतःच विणलाय अशा चेहऱ्याने. मग डावीचा उघडला. पहिल्या खांबाशी जरा ओढाताण झाली. दुसऱ्याशी दोन माणसं लागली. तिसरा खांब भोकात शिरेचना. चौथ्याचं भोक तर एका बाजूला राहिलं आणि खांब दुसऱ्या बाजूला. आणि भिंतीशी गालिचा चांगला फूटभर वर चढला. खादिम चाचांनी त्यावर पाय दिला, पाय काढला, तो पुन्हा वर आला. म्हणाले, ओल फार आहे या बाजूला.

मुतवल्लींच्या कपाळाला आठ्या पडल्या. सहा दिवसांवर शुक्रवार. त्यांनी सगळ्यांदेखत गालिचेवालीला विचारलं, की हे काय करून ठेवलंस. ती म्हणाली, नकाशाप्रमाणे विणलंय. मुतवल्ली म्हणाले, नकाशा चुकेल का? मग त्यांनी सांगून टाकलं, की डावीचा तुकडा उसवून पुन्हा विणायचा, आणि यापुढे मशिदीचं काम तिच्याकडे नाही. आमच्या गावात मशिदीने काम काढून घेतलं म्हणजे सहा माग बंद पडल्यातच जमा.

हे घरी आले. मी चहा ठेवला, त्यांनी घेतला नाही. जेवणाच्या टेबलावरचं सगळं मी उचलायच्या आत बाजूला सारलं, नकाशाची मूळ प्रत पसरली आणि गालिच्याची मापं ताडून पाहिली. गालिचा नकाशाशी सुताचाही फरक न पडता जुळत होता. मी मिठाची बरणी हातात घेऊन उभी होते. त्यांनी वर पाहिलं, मी त्यांच्याकडे पाहिलं, आणि दोघांनीही लगेच दुसरीकडे पाहिलं.

कारण आम्हाला दोघांनाही माहीत होतं. डावी बाजू ह्यांनी मोजलीच नव्हती.

आता सांगते. माझे अब्बा त्या मशिदीत बांग देत. त्रेचाळीस वर्षांपूर्वी खात्यातून हे आले तेव्हा टेपचं दुसरं टोक धरायला कोणी नव्हतं. अब्बांनी मला सांगितलं, दोन नमाजांच्या मधल्या वेळात तू धर, मी समोर हौजाशी बसतो. मी एकवीस वर्षांची होते. तीन दिवस आम्ही उजवी बाजू मोजली. तीन दिवसांत त्या माणसाने माझ्याशी आकड्यांखेरीज एक शब्द काढला नाही. मला वाटलं, याला बोलता येतं की नाही. चौथ्या दिवशी आम्ही डावीकडे आलो. पहिल्या खांबाशी मी टोक धरलं, हे दुसऱ्या खांबाशी गेले, आणि तिथून आकडा सांगायच्या ऐवजी म्हणाले, "तुमचा हात दुखत असेल."

बस. त्यानंतर दोन दिवस आम्ही त्या खांबांजवळ बोलत बसलो. कमान कशी आखतात, दोरीची दोन टोकं कुठे रोवतात, घुमटाचं वजन कोण उचलतं, सगळं मला तिथे कळलं. मीही त्यांना पुष्कळ सांगितलं, ते कमानींबद्दल नव्हतं. टेप मात्र आम्ही दोन खांबांच्या मधे ताणून ठेवली होती. अब्बांना ऐकू कमी यायचं, पण नजर चांगली होती. ताणलेली टेप दिसली की त्यांना वाटायचं, पोरं कामाला लागलीयत. दुसऱ्या दिवशी उठताना मी विचारलं, या बाजूची मापं? हे म्हणाले, दोन्ही बाजू सारख्याच आहेत, उजवी मोजली की डावी आलीच. संध्याकाळी त्यांनी उजवी बाजू ट्रेसिंगच्या कागदावर घेतली, कागद पालथा घातला आणि डावी काढली. त्यांच्या धंद्यात सगळे हेच करतात असं ते म्हणाले. तीन महिन्यांनी आमचं लग्न झालं. या विषयावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही, कारण बोलण्यासारखं काही आहे असं वाटलंच नाही. बाजू सारख्याच होत्या ना.

आता टेबलावर नकाशा पसरला होता आणि ह्यांनी इमारतीवर आरोप करायला सुरुवात केली. म्हणाले, जमीन खचली असेल. मग म्हणाले, खांब सरकले असतील. रविवारी म्हणाले, दगड थंडीत आकसतो. मी म्हटलं, उन्हाळा चाललाय. सोमवारी त्यांनी लोकर ताणली जाते यावर मला अर्धा तास ऐकवला. मी ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, की डावीकडचीच लोकर बरी ताणली गेली? त्यावर ते चष्मा पुसायला लागले. चष्मा पुसायला लागले, की समजायचं, माणूस अडकला.

मी स्पष्टच बोलले. जाऊन सांगा म्हटलं. ते म्हणाले, शुक्रवारी पितळ लागतंय, त्यावर माझं नाव आहे. म्हणाले, आयुष्यभर मी लोकांना सांगत आलो की मोजल्याशिवाय रेघ ओढू नका. सत्तरीत येऊन काय सांगू, की मीच ओढली? मला रागही आला आणि वाईटही वाटलं. या माणसाजवळ दुसरं काही नाही. पैसा नाही, मान नाही, गप्पांत चार लोक हसावेत अशी जीभही नाही. लोक त्यांच्याकडे विश्वासाने पाहतात ते त्या एका कागदामुळे.

मंगळवारी दुपारी दाराची कडी वाजली. गालिचेवाली होती. मला वाटलं, आता भांडण. ह्यांनाही तसंच वाटलं असावं, कारण ते उठून आतल्या खोलीकडे निघाले होते. मी डोळे मोठे केले तेव्हा बसले. ती खुर्चीच्या कडेवर टेकली. हातात विणीचा कागद होता, चौकटी चौकटींचा, त्यावर तिच्या खुणा. तिने तो ह्यांच्यासमोर सरळ केला.

"साहेब, मी चुकले असेन. पण कुठे चुकले ते मला सापडत नाही. मुतवल्लींना विचारून उपयोग नाही, त्यांना विणीतलं कळत नाही. तुम्ही पाहा आणि सांगा, म्हणजे पुढच्या वेळी चूक होणार नाही."

हे कागद पाहत राहिले. मी चहा आणला तरी पाहतच होते. तिने चहा घेतला, कपबशी स्वतः आत नेऊन विसळली, आणि जाताना मला हळूच म्हणाली, "वहिनी, उद्यापासून उसवायला घेते. माझ्याकडच्या मुलींना काय सांगू तेच समजत नाही."

ती गेल्यावर ह्यांनी कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. मग उठले, चपला घातल्या आणि निघाले. मी विचारलं, कुठे? म्हणाले, मशिदीत सगळे बसलेत, पितळेचं बोलणं आहे. पाच मिनिटांनी पाहते तर चष्मा टेबलावर. चष्म्याशिवाय त्यांना स्वतःचा हात दिसत नाही. मी डोक्यावर ओढणी घेतली आणि मागोमाग गेले. खरं सांगायचं तर चष्मा नसता विसरला तरी गेले असते.

हौजाजवळच्या ओसरीत मंडळी बसली होती. मुतवल्ली, इमामसाहेब, खादिम चाचा, कारभारी मंडळातले चार-पाचजण. गालिचेवालीही होती, जरा बाजूला. तिला तिच्या शिल्लक लोकरीचा हिशोब द्यायला बोलावलं होतं. मी खांबाआड थांबले. हे बसलेच नाहीत. उभ्याउभ्याच बोलले.

"चूक गालिच्याची नाही. नकाशाची आहे. डावी बाजू मी मोजली नव्हती."

मग मुतवल्लींचे डोळे भरून आले. मला वाटलं, धक्का बसला. पण ते उठले, ह्यांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि सगळ्यांकडे वळून म्हणाले, की पाहा, याला म्हणतात मोठं मन. एका गरीब बाईचं काम जाऊ नये म्हणून हा माणूस स्वतःच्या नावाला बट्टा लावून घ्यायला तयार झालाय. इमामसाहेबांनी मान डोलावली. खादिम चाचा म्हणाले, अल्लाह भलं करो. मंडळातल्या एकाने तर सुचवलं, की पितळेवर नावाच्या आधी दोन चांगले शब्द वाढवावेत.

हे गोंधळले. म्हणाले, अहो, मी खरं सांगतोय. मुतवल्ली म्हणाले, आम्हाला कळतं साहेब, तुम्ही बसा. हे म्हणाले, तीन दिवसांत मी उजवी मोजली आणि कागद पालथा घातला. सगळे हसले. ज्या माणसाने कारंज्याच्या तोटीचा व्याससुद्धा तीन ठिकाणी मोजला, तो अर्धी मशीद मोजायची सोडेल, हे कोणाच्या गळी उतरेना. इतकं चांगलं नाव असलं की त्याचा असा त्रास होतो. खरं बोलायलाही परवानगी मिळत नाही.

शेवटी मंडळातले एक जुने वकील होते, त्यांनी चेष्टेच्या सुरात विचारलं. खात्याच्या दप्तरात मोजणीचे पाच दिवस लिहिलेत, हे त्यांनी स्वतः वाचलं होतं. उजवी बाजू तीन दिवसांत झाली म्हणता, तर उरलेले दोन दिवस साहेब काय करत होते?

मला त्यांचा चेहरा दिसत होता. काय करत होते ते सांगायचं तर माझं नाव घ्यावं लागणार, अब्बांच्या समोर त्यांच्याच मशिदीत त्यांना फसवून आम्ही बसलो होतो हे सांगावं लागणार. अब्बांना जाऊन वीस वर्षं झाली, पण गावात अजून लोक त्यांच्या बांगेची आठवण काढतात. हे म्हणाले, "आठवत नाही." आयुष्यात पहिल्यांदाच मी त्यांना खोटं बोलताना ऐकलं आणि ते त्यांना अजिबात जमलं नाही. वकिलांनी हात पसरले, की बघा, मीच म्हणत होतो. मुतवल्लींनी गालिचेवालीकडे वळून लोकरीचं विचारायला सुरुवात केली. ती उठून उभी राहिली.

चौसष्ट वर्षांच्या बाईला लग्नाआधीच्या गोष्टीची भीती वाटावी याची मला लाज वाटली. मी खांबाआडून पुढे आले आणि ह्यांना चष्मा दिला, कारण तो द्यायचा होताच. मग म्हटलं, "दोन दिवस ते माझ्याशी बोलत बसले होते. टेपचं दुसरं टोक माझ्या हातात होतं. अब्बा समोर इथेच बसायचे. त्यांना दिसावं म्हणून टेप आम्ही ताणून ठेवली होती."

मुतवल्लींनी ह्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मग कमानींकडे पाहिलं, जणू तिथे अजून कोणी बसलंय. इमामसाहेब खाली पाहून दाढीवरून हात फिरवत राहिले. हसू लपवायला दाढी फार उपयोगी पडते. वकील म्हणाले, हं, आता दोन दिवसांचा मेळ बसला. खादिम चाचांचं वय ऐंशीच्या पुढे आहे. ते शांतपणे म्हणाले, "मला माहीत होतं. तुझ्या अब्बांनाही माहीत होतं. दोन दिवस टेप त्याच दोन खांबांच्या मधे होती, आम्ही काय आंधळे होतो?"

हे ऐकून मी जी खाली बसले ती बराच वेळ उठले नाही. अब्बांनी एका शब्दाने कधी दाखवलं नाही. आमच्या लग्नात ते फार आनंदात होते, तेव्हा मला वाटलं होतं, जावई सरकारी नोकरीतला मिळाला म्हणून.

मुतवल्लींना एकदाची खात्री पटली तशी त्यांची पाचावर धारण बसली. पितळ कोरून तयार, लोकांना निरोप गेलेले. त्यांनी विचारलं, आता काय करायचं? ह्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. म्हणाले, आधी यांची माफी मागायची. आणि स्वतःच गालिचेवालीसमोर जाऊन हात जोडले. ती इतकी संकोचली की लोकरीची पिशवी तिच्या हातून पडली. मुतवल्लींनीही मागितली, जरा पुटपुटत, पण मागितली. मग हे म्हणाले, पितळ थांबवा, शुक्रवार थांबवा, डावी बाजू मोजायची राहिलीय.

बुधवारी सकाळी आम्ही गेलो. ह्यांचे गुडघे वाकत नाहीत, माझा खांदा वर जात नाही, त्यामुळे खालची मापं मी घेतली आणि वरची त्यांनी. गालिचेवाली आपली स्वतःची टेप घेऊन आली आणि आमच्यामागून प्रत्येक माप पुन्हा घेत गेली. ह्यांना एरवी असलं खपलं नसतं, पण ते काही बोलले नाहीत. पहिली कमान उजवीकडच्या पहिल्या कमानीपेक्षा एक बोट कमी भरली. ह्यांनी आकडा लिहिला आणि मान हलवली. दुसरी दोन बोटं कमी. तिसरी तीन. चौथ्या कमानीशी हे माप सांगायच्या आधीच मी म्हटलं, चार. चार निघालं. पाचवी पाच बोटं कमी होती. सगळं मिळून पंधरा बोटं, म्हणजे गालिचा भिंतीवर जेवढा चढला होता तेवढंच.

हे तिथेच खांबाला टेकले. मग एकदम उठून डाव्या भिंतीच्या बाहेर गेले, आम्ही दोघी मागे. भिंतीला लागून एक बोळ आहे, पाणवठ्याकडे जाणारा, मशिदीहून जुना. एक बाई हातगाडी घेऊन येत होती. गाडीच्या दोन्ही बाजूंना जेमतेम चार बोटं जागा उरत होती. भिंत फूटभर इकडे असती तर गाडी अडकली असती.

ह्यांना कोडं उलगडलं. मशीद बांधणाऱ्या गवंड्याने लोकांचा रस्ता अडवायचा नाही असं ठरवलं, आणि कमी पडलेली जागा एका कमानीतून काढली असती तर ती लगेच दिसली असती. म्हणून त्याने पाचही कमानींत वाटून टाकली, मधल्या कमानीजवळ सगळ्यात कमी आणि मिनाराजवळ सगळ्यात जास्त, कारण माणूस मधे उभा राहून पाहतो आणि लांबची कमान तशीही लहानच दिसते. चारशे वर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही. लक्षात आलं ते फक्त चटयांच्या. हे सगळं ते गालिचेवालीला हात हलवून सांगत होते आणि ती म्हणत होती, की काठ दोन्हीकडे सारखा यावा म्हणून आम्हीसुद्धा शेवटच्या चौकटी अशाच दाबून घेतो, त्यात एवढं काय. उसवायचं काही नाही म्हणाली. प्रत्येक खांबाशी साधी पट्टी आहे, तीच थोडी थोडी काढते. आणि आपली टेप गुंडाळून गेली.

दुपारी मोजणी संपवून आम्ही डावीकडच्या शेवटच्या खांबाशी बसलो. ह्यांनी वही मिटली. कमानींकडे पाहून म्हणाले, "तेव्हा मोजली असती तर वाया गेली असती."

मी विचारलं, कशी काय?

"सत्तावीस वर्षांचा होतो. आकडे कमी आले असते तर मला वाटलं असतं, टेप सैल धरलीय. मी ते दुरुस्त केले असते. उजवीसारखे करून लिहिले असते आणि मोजलेत म्हणून सही केली असती. मग कोणीच पुन्हा मोजायला आलं नसतं." त्यांनी वहीवरची धूळ झटकली. "तू बोलत बसलीस ते बरं झालं."

त्रेचाळीस वर्षांत या माणसाने मला चांगलं काही म्हटल्याचं मला आठवत नाही. पलंगाबद्दल तर नाहीच. मी त्यांना म्हटलं, काय म्हणालात ते परत एकदा म्हणा, कुठलंही माप दोनदा घ्यायचं असतं.

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. खादिम चाचा हौजाशी बसून आमच्याकडेच बघत होते. मग हे माझ्याकडे वळून तेच शब्द पुन्हा बोलले, सावकाश, एकेक करून. आकडा तोच आला.